श्रेयांकांची खातेवही

कर्ज मागण्यास आलेल्या व्यापाऱ्याकडे मी नोकरीच्या काळात नेहमी तीन वर्षांचे ताळेबंद मागत असे. केवळ शेवटच्या वर्षाचा नफा पाहून समाधान मानणारा अधिकारी फसतो, हे त्या खुर्चीने मला शिकविले. मात्र हीच गोष्ट घरच्या मुलीला सांगण्याचे मला वेळेवर सुचले नाही. आजचा लेख म्हणजे त्या चुकीची कबुली आहे.

आमच्या आप्तांपैकी एका किराणा व्यापाऱ्याच्या कन्येने 2023 मध्ये एका स्वायत्त महाविद्यालयात बी.कॉम.ला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी घरात थोरल्या भावाचा विवाह झाला, दुकानात दिवाळीचा हंगाम होता. अभ्यास मागे पडला. तिने मला विचारले, तेव्हा मी आपल्या अनुभवाच्या बळावर सांगून टाकले, ‘‘अगं, पहिले वर्ष उत्तीर्ण झालीस की पुरे. वर्ग ठरतो तो शेवटच्या वर्षाच्या गुणांवर.’’

आमच्या वेळी ते खरे होते. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर पदवीची रचनाच बदलली. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी ती 2023-24 पासून व संलग्न महाविद्यालयांनी 2024-25 पासून स्वीकारली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान 120, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान 160 श्रेयांक लागतात. ऑनर्सच्याही दोन वाटा आहेत. पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के अथवा अधिक गुण असतील, तरच चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ ही वाट खुली होते व 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करता येतो. अन्य विद्यार्थी त्याऐवजी अधिक विषय घेऊन ऑनर्स पूर्ण करतात. चार वर्षांनंतर एम.कॉम. एका वर्षात होऊ शकते. तीन अधिक दोन काय किंवा चार अधिक एक काय, वर्षे पाचच. मात्र चार वर्षांच्या पदवीत एकूण 75 टक्के मिळविणारा विद्यार्थी एम.कॉम. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरतो.

छोट्या दुकानदारांच्या उधारीच्या व्यवहारावर अभ्यास करावा, असे आमच्या मुलीच्या मनात आहे. पाचवे सत्र संपल्यावर तिने हिशेब मांडला. पाच सत्रांची सरासरी 73. सहा सत्रांची सरासरी 75 व्हावयाची, तर अखेरच्या सत्रात 85 टक्के हवेत. तूट आली कोठून? पहिल्या वर्षातून. ती मला काही बोलली नाही. कागद मात्र माझ्यासमोर ठेवला.

पूर्वी शिक्षणविषयक सल्ला एकदाच लागत असे. दहावीनंतर शाखा निवडली की काम संपले. आता मुख्य विषय, त्यास जोडलेला गौण विषय, अन्य विद्याशाखेतील खुला विषय, कौशल्याचा विषय, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशा निवडी सत्रागणिक कराव्या लागतात. म्हणून अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या गटामागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला असतो. आपली मुले त्यांना भेटतच नाहीत. अर्ज कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत भरला जातो, विषय मित्र निवडतो, आणि सल्ला माझ्यासारखा निवृत्त गृहस्थ देतो.

वाचकांना माझी विनंती आहे. पाल्याचा प्रवेश होताच पहिल्या महिन्यात पालकांनी मार्गदर्शक शिक्षकांची भेट घ्यावी. कोणता गौण विषय पुढील कोणत्या अभ्यासक्रमास उपयोगी पडेल, तीन वर्षांनी थांबल्यास हाती काय राहील आणि चौथे वर्ष याच महाविद्यालयात उपलब्ध आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. दुसरे असे की, श्रेयांक ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधील विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. ही जमा शिक्षणसंस्था करते, विद्यार्थी नव्हे. म्हणून प्रत्येक निकालानंतर ते खाते उघडून नोंद पडताळून पाहावी. पेढीवर आपण बँकेचे पासबुक जसे रोजमेळाशी ताडून पाहतो, तसेच हे. चूक त्याच सत्रात दाखविली तर दुरुस्ती सोपी. तीन वर्षांनी जुने कागद कोण शोधणार?

मुलगी सध्या सहाव्या सत्राचा अभ्यास करीत आहे. 85 टक्के न मिळाल्यासही ऑनर्सचे दार बंद होत नाही, हे मी तिच्या वडिलांना समजावून सांगितले आहे. तिचा धाकटा भाऊ येत्या जूनमध्ये महाविद्यालयात जाईल. पहिल्या भेटीसाठी वडील अर्धा दिवस दुकान बंद ठेवणार आहेत. मीही सोबत येतो म्हणालो, तेव्हा ती हसून म्हणाली, ‘‘आजोबा, अवश्य या. पण या वेळी ऐकायला.’’