माफ करा म्हणता, पण माफी मागितली कोणी?

'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा सीझन संपला आणि आमच्या विहारातला एक तरुण मला म्हणाला, "दादा, या सिरीजने तेच सांगितलं जे तथागतांनी सांगितलं. सूड घेणारा स्वतःच संपतो." मुलगा हुशार आहे, वाचणारा आहे आणि त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख. (ज्यांनी सिरीज पाहिलेली नाही त्यांनी आधी पाहून यावं. पुढे सगळी गोष्ट फुटलेली आहे.)

थोडक्यात कथा अशी. एका बुरशीमुळे माणसं हिंस्र होतात, २००३ साली जग कोसळतं. त्याच रात्री जोएलच्या कोवळ्या मुलीला एक सैनिक वरून आलेल्या हुकमावरून गोळी घालतो. वीस वर्षांनी जोएलवर एलीला अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसरीकडे पोचवायची जबाबदारी येते. एलीला ही बुरशी बाधत नाही. सॉल्ट लेक सिटीच्या हॉस्पिटलात 'फायरफ्लाय' नावाची बंडखोर संघटना तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून औषध बनवणार असते. त्यात एली मरणार असते. जोएल हॉस्पिटलातल्या माणसांना मारत सुटतो, निःशस्त्र डॉक्टरलाही मारतो, एलीला उचलून आणतो आणि तिच्याशी खोटं बोलतो. त्या डॉक्टरची मुलगी ॲबी. पाच वर्षांनी ती जोएलला शोधून काढते आणि एलीच्या डोळ्यांदेखत गोल्फच्या काठीने ठेचून मारते. मग एली ॲबीच्या मागे सिॲटलला जाते. २०२५ मध्ये आलेले सात एपिसोड म्हणजे हाच प्रवास.

लोक 'सूडाचं चक्र' म्हणतात ते हेच. गेम आणि सिरीज दोन्हीचा एक कर्ता नील ड्रकमन इस्रायलमध्ये जन्मलेला. २००० साली रामल्लात दोन इस्रायली सैनिकांना जमावाने ठार मारलं, त्याची दृश्यं पाहून आपल्या मनात सूडाची भावना उसळली आणि नंतर तिची लाज वाटली, असं त्याने मुलाखतीत सांगितलेलं आहे. भावना प्रामाणिक आहे. पण तिच्यातून निघालेली मांडणी मला खटकते. तिच्यात दोन माणसं असतात, दोन दुःखं असतात आणि दोन्ही पारडी सारखी असतात. कोणाच्या जमिनीवर कोण बसलंय, कोणाच्या हातात रणगाडा आहे आणि कोणाच्या हातात दगड, हे त्या चक्रात कुठेच दिसत नाही. चक्र गोल असतं. त्याला वर आणि खाली नसतं. जातीची उतरंड ज्याने अंगावर सोसली आहे त्याला हे 'गोल' म्हणजे काय ते लगेच कळतं.

तरीही मी सिरीज मोडीत काढत नाही, कारण तिच्यात काही जागा तिच्या कर्त्यांच्या मांडणीपेक्षा मोठ्या आहेत.

पहिली जागा जॅक्सनच्या सभेची. वायोमिंगमधलं हे छोटं गाव सामूहिक मालकीवर चालतं. पहिल्या सीझनमध्येच मारिया सरळ सांगते, हो, आम्ही कम्युनिस्ट आहोत. जोएलच्या हत्येनंतर गावाची सभा भरते. सिॲटलला माणसं पाठवून मारेकऱ्यांना पकडायचं की नाही? एली आधीच लिहून आणलेलं भाषण वाचते. हा सूड नाही, न्याय आहे, असा तिचा दावा. गंमत बघा, तिच्या बाजूने तावातावाने उभा राहतो तो सेथ. नववर्षाच्या पार्टीत एली आणि डीनाला एकत्र नाचताना पाहून शिवी हासडणारा हाच तो सेथ. जमावाच्या रागाला मित्र कसे मिळतात, ते पाहून ठेवा. कौन्सिल ८ विरुद्ध ३ मतांनी ठराव फेटाळतं आणि एली-डीना रात्री गुपचूप निघून जातात.

समीक्षकांनी या सभेचं कौतुक केलं: बघा, जग बुडालं तरी लोकशाही आहे. मला त्या सभेत दुसरंच दिसलं. मारेकऱ्यांचं काय करायचं यावर सगळं गाव बोललं. जोएलला का मारलं, यावर कोणी बोललं नाही. हॉस्पिटलात काय घडलं हे एलीला तेव्हा पक्कं माहीत होतं. जोएलने मरणाच्या आदल्याच रात्री तिच्यासमोर कबूल केलेलं होतं. म्हणजे जी न्याय मागायला उभी राहिली तिनेच खटल्यातला सगळ्यात मोठा पुरावा खिशात ठेवला होता. अर्धी फाइल वाचून दिलेला निकाल न्याय असतो का? इथे मतदान झालं, सुनावणी झालीच नाही.

दुसरी जागा शेवटच्या एपिसोडमधली. नोराला पाइपने मारून मारून एलीने ॲबीचा ठावठिकाणा काढलेला आहे. ती परत येते आणि अखेर डीनाला खरं सांगते: जोएलने ॲबीच्या बापाला मारलं होतं आणि हे मला ठाऊक होतं. डीनाचं पुढचं वाक्य एवढंच, की आता आपल्याला घरी जायला हवं. हीच डीना इथवर पोटात मूल घेऊन एलीसोबत आली होती. कोणी तिला अहिंसेचं प्रवचन दिलं नाही, क्षमेचा धडा दिला नाही. सत्य कळलं आणि तिच्यापुरता सूड तिथेच थांबला. पूर्ण सिरीजमध्ये सूड खऱ्या अर्थाने थांबवणारी ही एकच गोष्ट आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

जोएलच्या 'उद्धारा'बद्दल मात्र भरपूर लिहिलं गेलंय. पेद्रो पास्कलने काम उत्तम केलंय, त्यामुळे आपण विरघळतो. पण हिशोब मांडू. गावातली समुपदेशक गेल त्याला विचारते, तू एलीचं काय केलंस? डोळ्यांत पाणी आणून तो म्हणतो, मी तिला वाचवलं. या गेलचा नवरा यूजीन. त्याला संसर्ग झाला तेव्हा बायकोला शेवटचं भेटू देतो असा शब्द जोएलने दिला, मोडला, त्याला गोळी घातली आणि गेलला गोड खोटं सांगितलं. तेही एलीने उघडं पाडलं. जोएल प्रेम करतो, गिटार दुरुस्त करतो, रडतो. पण ज्या मुलीचा बाप मारला तिच्यापुढे उभं राहून 'मी केलं' असं स्वतःहून कधीच म्हणत नाही. एली त्याला शेवटच्या रात्री म्हणते, की माफ करता येईलसं वाटत नाही, पण प्रयत्न करायची इच्छा आहे. हे वाक्य तिच्या मोठेपणाचं आहे. जोएलच्या खात्यात ते जमा करू नका.

फायरफ्लायही धुतल्या तांदळाचे नाहीत, हे इथेच सांगतो. त्यांनी एलीला न विचारता भूल दिली. व्यापक हितासाठी बळी द्यायचा आणि बळी जाणाराला विचारायचंही नाही, ही पद्धत आपल्याला नवी नाही.

आता विहारातल्या त्या तरुणाचा मुद्दा. तथागतांनी काय सांगितलं? विनयपिटकाच्या महावग्गात कोसंबीच्या भांडणाऱ्या भिक्खूंना सांगितलेली दीघावूची गोष्ट आहे. काशीचा राजा ब्रह्मदत्त कोसलच्या दीघीतीचं राज्य बळकावतो आणि पुढे त्याला राणीसह हालहाल करून मारतो. मरताना बाप मुलाला सांगतो, वैर वाढवू नकोस. मुलगा दीघावू ओळख लपवून ब्रह्मदत्ताच्याच चाकरीला लागतो, विश्वासातला होतो. एक दिवस अरण्यात थकलेला राजा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो. दीघावू तीनदा तलवार उपसतो आणि तीनदा म्यान करतो. मग ओळख सांगतो. दोघे एकमेकांना जीवदान देतात.

कीर्तनात गोष्ट इथे संपवतात. मूळ गोष्ट संपत नाही. ब्रह्मदत्त राजधानीत येतो आणि दीघावूला त्याच्या बापाचं सैन्य, वाहनं, भूमी, कोश, कोठारं सगळं परत करतो. (स्वतःची मुलगीही देतो. तो त्या काळचा दोष, तो वेगळा लिहीन.) तलवार म्यान झाली, मग लुटलेलं परत आलं. ही परतफेड वगळून बुद्धाला 'माफ करा' एवढ्यावर आणून ठेवणं ही लबाडी आहे आणि ती या देशात फार जुनी आहे.

बाबासाहेबांनी याचा अर्थ कृतीत दाखवला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर महाडात आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. सरकारी बंगल्यावर जमलेले, लष्करात राहिलेले गडी फक्त एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. पण 'जाऊ द्या' असंही म्हणाले नाहीत. हल्लेखोरांवर खटला चालला, शिक्षा झाली. तळ्याचा हक्क त्यांनी सोडला नाही, दहा वर्षं कोर्टात लढून १९३७ ला हायकोर्टातून मिळवला.

आणि 'सूड' या शब्दाने आपल्याला काय दिलं तेही आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. कशासाठी? एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाताईंनी साक्ष दिली, आरोपी ओळखले, म्हणून. म्हणजे त्या कायद्याच्या वाटेने गेल्या होत्या. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली आणि म्हटलं, हे जातीतून नाही, सूडातून झालं. सूड म्हटलं की दोन पक्ष होतात. दोन पक्ष झाले की ॲट्रॉसिटी उरत नाही. भैयालाल भोतमांगे दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्यांनी कुऱ्हाड उचलली नाही. जानेवारी २०१७ मध्ये ते गेले तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात पडून होतं. त्यांना कोणीही, कधीही येऊन 'आमचं चुकलं' म्हणालेलं मी ऐकलेलं नाही.

म्हणून सिॲटलमधला आयझॅक मला ॲबीइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो आधी सरकारी लष्करात असतो. तिथले सैनिक नागरिकांना चेष्टेने 'व्होटर' म्हणतात, कारण त्यांचा मताधिकार आपणच काढून घेतलाय. आयझॅक त्याच सैनिकांना उडवून बंडखोरांना जाऊन मिळतो. काही वर्षांनी तोच माणूस तापलेल्या तांब्याच्या भांड्याने एका कैद्याला चटके देत बसलेला दिसतो. मताची थट्टा करणारे मेले, पण मत काही परत आलं नाही. बंड झालं, संविधान झालं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडायला सांगितलं तेव्हा अटही सांगितली होती: घटनात्मक मार्ग खुले असताना. ॲबीसाठी कोणता मार्ग खुला होता? तक्रार कुठे नोंदवायची होती तिने, जॅक्सनच्या कौन्सिलपुढे?

दुसरा सीझन ॲबीच्या पहिल्या दिवशी येऊन थांबतो, म्हणजे आता गोष्ट तिच्या बाजूने दिसणार. २०२० च्या गेममध्ये एली शेवटच्या क्षणी ॲबीला सोडते आणि रिकाम्या घरी परतते. हाताची दोन बोटं गेल्यामुळे गिटारही नीट वाजत नाही. सिरीज तिथेच जाईल असं धरून चालू. मी एवढंच बघणार आहे, की जॅक्सनच्या त्या सभागृहात पुन्हा कधी सभा भरते का, आणि भरली तर सॉल्ट लेक सिटीच्या हॉस्पिटलाचं नाव कोणी घेतं का.