लाखाचे अकरा, क्रोरचे सात

लाखापेक्षा कोटी मोठा, हे व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच कळते. स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळाची वही मात्र निराळी आहे. तेथे ‘लाख’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत मांडणाऱ्यास ११ गुण मिळतात आणि ‘क्रोर’ मांडणाऱ्यास अवघे ७. हे दोन्ही शब्द भारतातून इंग्रजीत गेले आणि खेळाच्या मान्य शब्दसूचीत स्थिरावले. गुण अर्थाला नाहीत, अक्षराच्या दुर्मीळतेला आहेत. ‘के’ ५ गुणांचा, ‘एच’ ४ गुणांचा; म्हणून लाख महाग.

हा भाव कोणी मनाने ठरवलेला नाही. १९३०च्या दशकातील मंदीत काम गमावलेले अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांची पाने घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते, हे मोजले. त्या मोजणीवर १०० सोंगट्यांची वाटणी बेतली गेली. ‘ई’ला १२ सोंगट्या, ‘क्यू’ आणि ‘झेड’ला एकेकच. मालाची आवक पाहून भाव काढण्याचीच ही रीत. देवनागरीत असा संच करणे अवघड जाते, कारण एकट्या ‘क’ची बाराखडी मांडायची तरी बारा सोंगट्या हव्यात, जोडाक्षरे वेगळीच. १९४८ साली जेम्स ब्रुनो यांनी खेळाला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले, आणि पुढचा सारा तंटा या नावाचा आहे.

हा खेळ संगणकावर आला तेव्हा एक मोठी सोय झाली. दोघांनी एका वेळी समोरासमोर बसण्याची गरज उरली नाही. अँटवर्पच्या हिरेबाजारातील भाच्याने रात्री चाल करावी आणि घाटकोपरच्या मामींनी दुसऱ्या दिवशी, दुपारची आवराआवर झाल्यावर, सवडीने उत्तर द्यावे. ही सोय जगाच्या अंगवळणी पाडण्यात मोठा वाटा कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या दोन भावांचा होता. त्यांचा ‘स्क्रॅब्युलस’ हा खेळ २००७ साली फेसबुकवर आला आणि रोज पाच लाखांहून अधिक लोक तो खेळू लागले.

अडचण उघड होती. स्क्रॅबलचे हक्क अमेरिका व कॅनडात हॅस्ब्रो कंपनीकडे आणि उर्वरित जगात मॅटेलकडे होते. जुलै २००८ मध्ये हॅस्ब्रोने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला आणि काही दिवसांतच त्या दोन देशांत खेळ बंद पडला. मॅटेलने दिल्ली उच्च न्यायालय गाठले. तेथे १७ सप्टेंबर २००८ रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी अंतरिम अर्जावर जो निर्णय दिला, तो प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावा असा आहे. खेळाचा पट आणि नियम यांवर मॅटेलने सांगितलेला कॉपीराइट न्यायालयाने मान्य केला नाही. खेळाची कल्पना आणि ती मांडण्याची रीत एकमेकींपासून सुटी करता येत नसेल, तर ती रीत एकाच्या मालकीची केल्याने कल्पनाच कुलूपबंद होते, हा त्यामागील विचार. नावाच्या बाबतीत मात्र भावांना माघार घ्यावी लागली. ‘स्क्रॅब्युलस’ ऐकताच ‘स्क्रॅबल’ आठवते; तेव्हा ते नाव वापरण्यास मनाई झाली.

म्हणजे पटावरील २२५ घरे, सात सोंगट्या, सातही एका चालीत लावल्यास मिळणारे ५० जादा गुण, हे सारे उचलूनही भाऊ तरले. अडले ते नावातील चार-पाच अक्षरांवर.

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या बाजारपेठांत हा प्रश्न नवा नाही. भाऊ वेगळे होतात, माल, गाळे, उधारी यांची वाटणी पै-पैचा हिशेब लावून होते आणि वडिलांनी रुजवलेले नाव तेवढे कागदावर यायचे राहते. पाच वर्षांनी एकाच रस्त्यावर त्याच नावाच्या दोन पाट्या लागतात आणि दोहोंखाली लिहिलेले असते, ‘आमची कोठेही शाखा नाही’. गिऱ्हाईक गोंधळते, नातेवाईक बाजू घेतात. पाककृती, मांडणी, वेष्टनाची कल्पना यांवरून भांडणारे पुष्कळ. पण नाममुद्रेची नोंदणी कोणाच्या नावे आहे, असे विचारले की दोन्ही घरे गप्प. चाळीस वर्षे वहीखात्यात एक रुपयाची चूक न करणारी माणसेही येथे चुकतात.

अगरवाला बंधूंनी भांडण लांबवले नाही. त्यांनी नाव बदलून ‘लेक्स्युलस’ केले, खेळातही फेरफार केले आणि डिसेंबर २००८ मध्ये हॅस्ब्रोने दावा मागे घेतला. लेक्स्युलसमध्ये खेळाडूच्या हाती सातऐवजी आठ सोंगट्या येतात. एवढ्या एका जादा अक्षराने डाव बराच मोकळा होतो, आणि ‘लाख’ जुळण्याची शक्यताही थोडी वाढते.