चकाकी कोणाची?

दिवा मालवल्यावर मुलांच्या खोलीतल्या छतावरच्या चांदण्या बराच वेळ चमकत राहतात. त्यांत बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटसारखे अकार्बनी रसायन असते. कार्बनी रेणूंना असे चमकणे अवघड. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू एरवी काही नॅनोसेकंदांत ऊर्जा टाकून मोकळा होतो. काही रेणू मात्र ‘ट्रिप्लेट’ अवस्थेत अडकतात. तिथून सुटका सावकाश होते आणि प्रकाश रेंगाळत बाहेर पडतो. हीच स्फुरदीप्ती. रेणूंची थरथर आणि हवेतला ऑक्सिजन ती विझवतात. स्फटिकात रेणू घट्ट बसलेले असल्याने ती टिकते.

कार्बाझोलपासून बनवलेले काही स्फटिक दिवा बंद केल्यावरही काही सेकंद चमकतात. याचे श्रेय बराच काळ रेणूंच्या मांडणीला दिले गेले. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील बिन लिऊ यांच्या गटाने बाजारातली बाटली बाजूला ठेवून कार्बाझोल स्वतः तयार केले, आणि चकाकी जवळजवळ नाहीशी झाली! कोळशाच्या डांबरातून काढलेल्या बाजारातल्या कार्बाझोलमध्ये त्याचाच समघटक मिसळलेला निघाला : अणू तेच, जोडणी वेगळी. प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी. तो शुद्ध पदार्थात पुन्हा मिसळताच चकाकी परतली. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

सगळीच कार्बनी स्फुरदीप्ती भेसळीची, असा याचा अर्थ नव्हे. पण प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. अशा पदार्थांचे सूक्ष्म कण शरीरातील गाठींचे चित्रण करण्यासाठी अभ्यासले जात आहेत. बाहेरचा प्रकाश बंद केला की ऊतींची स्वतःची चमक लगेच विझते, कणांची उरते. म्हणून चित्र स्वच्छ मिळते. उद्या जे रुग्णाच्या शरीरात टोचायचे, त्यात नेमके काय चमकते हेच ठाऊक नसेल, तर एका बाटलीचा निष्कर्ष दुसरीला कसा लागू होणार?

बाटलीवर ‘९८ टक्के शुद्ध’ लिहिलेले असते; उरलेल्या दोन टक्क्यांची चौकशी सहसा कोणी करत नाही. माहीत असलेलेच रसायन पुन्हा बनवून पाहणे हे काम कंटाळवाणे, वेळखाऊ आणि प्रसिद्धी न देणारे. तरीही मार्गदर्शकांनी आणि निधी देणाऱ्या संस्थांनी अशा पडताळणीलाही संशोधनच मानले पाहिजे. चमकते ते दिसतेच. कशामुळे चमकते, हे कोणीतरी तपासावे लागते.