पावलं चौकटीत राहू द्या

कथकच्या कार्यक्रमाचं घरगुती चित्रीकरण कुणी दाखवलं की माझी नजर आधी पाय शोधते. बहुतेक वेळा ते नसतातच. तत्कार सुरू आहे, तबल्याशी सवाल-जवाब रंगलाय, आणि पडद्यावर मात्र कमरेपासून वरची हसरी मुलगी. वडिलांनी हँडीकॅमचं झूम लेकीच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवलेलं असतं. त्यामागची माया मला कळते. पण काही वर्षांनी हीच मुलगी तो तोडा पुन्हा बसवायला घेईल, तेव्हा समेवर कोणता पाय पडला, अंगाचा भार कुठे होता, हे तिला बघायचं असेल.

नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर हॉलिवूडमध्ये याच गोष्टीसाठी अडून बसत: नाचणारा नखशिखांत दिसला पाहिजे आणि मधे काटछाट कमीत कमी हवी. आपल्याकडे सत्यजित राय यांनी १९७६ साली भरतनाट्यम नर्तकी बालासरस्वतींवर ‘बाला’ हा माहितीपट केला, तेव्हा त्या साठीकडे झुकल्या होत्या. त्यांच्या ऐन भरातल्या नाचाचं चित्रीकरण फारच थोडं आहे. ही हळहळ मला अजून टोचते. आज कॅमेरा घरात आहे, तर तो नीट लावायला हवा.

पहिल्या रांगेचा मोह सोडा. तिथून रंगमंचाची कड पावलं गिळते. मागे, मधोमध, प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा उंच असा ट्रायपॉड लावा. बाल्कनी असेल तर फारच छान. रंगमंचाची जमीन दिसली की गतनिकासात नर्तकी किती पुढे आली, चक्कर घेताना जागेवरून सरकली का, सगळं कळतं.

दुसरा घात उजेडाचा. मागे काळा पडदा, मधे झोतातली एकटी नर्तकी. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, त्याला वाटतं अंधार फार आहे, आणि तो उजेड वाढवत जातो. चेहरा पांढराफटक पडतो, भुवईची हालचाल पुसली जाते, अभिनय संपला! बऱ्याच हँडीकॅमच्या मेनूमध्ये यासाठी ‘स्पॉटलाइट’ची सोय असते. नसेल तर तालमीच्या वेळी त्याच झोतात चेहऱ्यावर एक्सपोजर ठरवून कुलूपबंद करा. फोकसही हातानेच ठरवा, नाहीतर दिवे मंदावले की कॅमेरा चाचपडू लागतो. शटर एक पन्नासांशावर ठेवावं. आपली वीज पन्नास हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबसारखे दिवे लुकलुकत नाहीत, आणि चक्करमधल्या हातांची धूसर रेघ डोळ्यांना दिसते तशीच उमटते.

घुंगरांचा आवाज मागच्या रांगेतून येतो तो सभागृहाचा घुमारा घेऊन. शिवाय कॅमेरा आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो, म्हणजे हलका पदाघात आणि जोरकस पदाघात सारखेच ऐकू येतात. एक छोटा रेकॉर्डर रंगमंचाजवळ ठेवून द्यावा. दोन्ही ध्वनिमुद्रणं नंतर एखाद्या ठसठशीत समेवर जुळवता येतात.

आणि पढंत. नर्तकी माइकजवळ येऊन हातावर ताल धरत बोल म्हणते, तेव्हा अनेकजण ‘नाच थांबला’ असं समजून रेकॉर्डिंग थांबवतात. बंदिश कुठल्या मात्रेपासून उठते, तिहाई कशी बसते, दम किती ठेवायचा, हे सगळं तिथेच उलगडून सांगितलेलं असतं. बॅटरी वाचवायचीच असेल, तर ती सत्कार आणि भाषणांच्या वेळी वाचवावी.