कड्यावरचें घर

परदेशप्रवासाचें साग्र वर्णन करून वाचकांस शिणविण्याचा आमचा विचार नाहीं. विमानांतील भोजन आणि तिकडील थंडी यांविषयींच्या तक्रारी आतां घरोघरीं ऐकावयास मिळतात. परंतु गतवर्षीं आषाढांत नॉर्वे देशांत एका दिवशीं जें पाहिलें, त्यायोगें आमच्या कुटुंबांतील एका जुन्या वादाचा निकाल लागला. म्हणून तेवढ्यापुरतेंच हें लिहीत आहों.

तीन मोटारींत मिळून आम्ही तेरा माणसें होतों. आमचे ज्येष्ठ बंधु दादा, वहिनी, आम्ही उभयतां, आणि बाकीचे मुलगे, सुना व नातवंडें. मोटारी हांकण्याचें काम दोघां पुतण्यांनीं व धाकट्या सुनेनें वांटून घेतलें होतें. त्या देशांत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात; त्यामुळें प्रत्येक वळणावर समोरची गाडी आपल्यावरच येते आहे असें वाटून वहिनींची रामरक्षा सुरू होत असे. त्या सकाळीं १९५५ सालीं खुल्या झालेल्या ‘गरुडमार्गा’चीं अकरा वळणें उतरून आम्ही गायरांगर गांवीं पोहोंचलों, तोंवर रामरक्षेचीं दोन आवर्तनें पुरीं झालीं होतीं.

येथून हेलेसिल्ट गांवापर्यंत मोटारींसकट बोटीनें जातां येतें. दाभोळहून धोपाव्यास जाणारी फेरीबोट ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं. मोटारी बोटीच्या पोटांत उभ्या करून आम्ही वरच्या मजल्यावर गेलों. प्रवास तासाभराहून थोडा अधिक.

‘फ्योर्ड म्हणजे खाडीच ना, आजोबा?’ असें नातवानें विचारलें, तेव्हां आमच्यांतील मास्तर जागा झाला. आपल्या कोंकणांतील खाडी म्हणजे नदीच्या मुखांत शिरलेला समुद्र. फ्योर्ड म्हणजे हिमनदीनें कोरलेल्या दरींत शिरलेला समुद्र. हिमयुगांत बर्फाचा प्रचंड प्रवाह डोंगर खरवडीत खालीं सरकला आणि बर्फ वितळल्यावर त्या खोल दरींत खारें पाणी भरलें. म्हणूनच येथें वाळूची पुळण नाहीं, माडांची रांग नाहीं. पाण्यांतून एकदम कडाच उभा राहतो. गायरांगरचा हा फ्योर्ड सुमारें पंधरा किलोमीटर लांब असून २००५ सालीं युनेस्कोनें त्याची गणना जागतिक वारशांत केली आहे. एका काठीं ‘सात बहिणी’ नांवाचा धबधबा; समोरच्या काठीं एकच धार, तिचें नांव ‘मागणी घालणारा’. ही कथा ऐकून वहिनी म्हणाल्या, “सातही जणींनीं नाहीं म्हटलें? मग मुलांतच कांहीं खोट असली पाहिजे!”

या हंशांत असतांनाच दादांनीं वर बोट दाखविलें. पाण्यापासून सुमारें अडीचशे मीटर उंचीवर, कड्याच्या एका अरुंद पायरीवर, लांकडी घरें दिसत होतीं. स्कागेफ्लो त्याचें नांव. तेथें पिढ्यान्‌पिढ्या एक शेतकरी कुटुंब राहत होतें. शेळ्या पाळीत होतें. अंगणाच्या कडेला सरळ दरी, म्हणून लहान मुलें खेळतांना पडूं नयेत यासाठीं त्यांस दोरीनें बांधून ठेवीत, अशी तिकडे आख्यायिका आहे. १९१८ सालीं तें घर सुटलें. समोर सात बहिणींजवळ क्निव्सफ्लो नांवाचें दुसरें शेत होतें. वरचा खडक कोसळेल या भीतीनें तें त्याआधींच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडावें लागलें.

मुलास बांधण्याची गोष्ट ऐकून सुना हळहळल्या. वहिनी मात्र शांतपणें म्हणाल्या, “त्यांत नवल काय? सासूबाई आगरांत शिंपणें काढावयास जात, तेव्हां भाऊजींना जुन्या लुगड्याच्या पट्टीनें पडवीच्या खांबाला बांधून जात. मला त्यांनींच सांगितलें होतें. विहिरीला कठडा नव्हता.”

आम्हांस ही गोष्ट ठाऊक नव्हती. तें पडवीचें घर रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या गांवीं अजून उभें आहे, आणि तें विकावें असें गेलीं चार वर्षें सर्वांत मोठ्यानें म्हणणारे आम्हीच होतों. तेथें राहणार कोण, दरवर्षीं कौलें चाळण्याचा खर्च कोणीं करावयाचा, हे आमचे प्रश्न. दादा उत्तर देत नसत. सहीसाठीं कागद पुढें केला कीं चष्मा सांपडत नाहीं म्हणत.

त्या लोकांचें भय खोटें नव्हतें. ७ एप्रिल १९३४ च्या रात्रीं याच जलसमूहाच्या ताफ्योर्ड नांवाच्या फांट्यांत डोंगराचा कडा कोसळला आणि उसळलेल्या लाटेंत चाळीस माणसें गेलीं. आज ओकरनेसेत नांवाच्या डोंगरास पडलेली भेग हळूहळू रुंदावत आहे. तिच्यावर यंत्रांचा अहोरात्र पहारा असतो, कारण तो डोंगर ढळला तर आम्ही जेथून निघालों आणि जेथें जात होतों, त्या दोन्ही गांवांस लाटेचा धोका आहे. हें आम्हीं मुलांस समजावून सांगत होतों. दादा ऐकत होते. मग आमच्याकडे न पाहतांच म्हणाले, “अरे, हीं माणसें कडा कोसळेल म्हणून गेलीं. आपल्याला कसलें भय होतें?”

आमच्यापाशीं उत्तर होतें. आपण शिक्षणासाठीं गेलों. गांवीं चौथीच्या पुढें शाळा नव्हती. घर सोडणें हें पाप नव्हे, आणि ज्यानें सारा जन्म शिकविण्यांत घालविला त्यानें तसें म्हणूंही नये. पण बाहेर पडणें निराळें आणि दार कायमचें लावून घेणें निराळें. स्कागेफ्लो येथें आतां कोणी राहत नाहीं. तरीहि तेथील घरें प्रेमी मंडळींनीं डागडुजी करून राखिलीं आहेत, आणि १९९३ सालीं नॉर्वेचे राजे हाराल्ड व राणी सोन्या यांनीं आपल्या विवाहाचा रौप्यमहोत्सव साजरा करण्यास तेंच ठिकाण निवडिलें. हें सारें आमच्या मनांत आलें, तोंडानें आम्हीं एवढेंच म्हटलें, “दादा, तुमचा चष्मा सांपडला नाहीं तें बरें झालें.”

ते हंसले नाहींत. त्यांनीं आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोट हेलेसिल्टला लागेपर्यंत काढला नाहीं.

परत आल्यावर तो कागद आम्हीं फाडला. यंदा वैशाखांत घरावर नवीं कौलें चढलीं; खर्च चौघांनीं वांटून घेतला. तेथें कायमचें राहावयास कोणी जाणार नाहीं, हें आम्ही सर्व जाणतों. परंतु दरवर्षीं उन्हाळ्यांत पंधरा दिवस तरी दार उघडावयाचें, असें ठरलें आहे. विहिरीला कठडा बांधून झाला आहे. पडवीचा तो खांब मात्र रंग न देतां तसाच ठेवा, असें आम्हीं गवंड्यास बजावून सांगितलें आहे.