लेसरने गंज काढावा, पण यंत्र घेऊ नये

गळीत हंगाम संपला की ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर गॅरेजला लागतात. गंजलेले आक्सल, हब आपण ग्राइंडरने किंवा वाळूच्या माऱ्याने साफ करतो. त्या वाळूची धूळ छातीत बसते. सिलिकोसिस जडला की बरा होत नाही. पोरं तोंडाला फडकं बांधतात, त्यानं काय होतंय?

१९६६ साली टेल्को पिंपरीत आली, त्यानंतर भोसरी-चाकणपर्यंत सुट्या भागांचे कारखाने पसरले. लेसर सफाईची चौकशी तिथेच करावी. लेसरचा झोत गंजाचा थर क्षणात तापवून उडवतो. खालचे स्वच्छ पोलाद बराचसा झोत परतवते, म्हणून ते फारसे झिजत नाही. बेअरिंगच्या बैठकीला हे मोलाचे. ग्राइंडरने ती किंचित जास्त उतरली तरी बेअरिंग सैल पडते. मात्र आधीच झिजलेले लेसरने भरून येत नाही.

हंगामी कामासाठी यंत्र विकत घेणे मला पटत नाही. दोन-चार आक्सल मजुरीवर करून आणावेत, खर्च ताडून पाहावा, मग विषय सभेपुढे ठेवावा. तिथे कामगाराला लेसरचा खास चष्मा आणि धूर ओढणारा पंखा आहे का, तेही बघून यावे. तो किरण दिसत नाही, पण डोळा नेतो. ट्रॉलीच्या सांगाड्याला मात्र ग्राइंडरच पुरे.