पंपावरची नोकरी हीच ओजेटी का नको?

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला दुसऱ्या सेमिस्टरमध्ये आता ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, असते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून राज्यातल्या पदव्युत्तर वर्गांना ती लागू झाली. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी मी समाजशास्त्र शिकवते आणि विभागातलं ओजेटीचं काम माझ्याकडे आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुस्तकातून उठून कामाच्या जागी जाऊन बसावं, ही कल्पना मला मनापासून पटते. पण ती राबवताना आपण नेमक्या त्याच मुलांना अडवतोय ज्यांना कामाची जागा सगळ्यात जास्त कळते, आणि ते मला सहन होत नाही.

माझ्या वर्गातला एक मुलगा रात्री हायवेच्या पेट्रोल पंपावर असतो. एक मुलगी दुपारनंतर कापडाच्या दुकानात बिलिंगला बसते. बसते म्हणायचं एवढंच, कारण गिऱ्हाईक असो-नसो, तिथे काम करणाऱ्या मुलींना स्टूल मिळत नाही. दोघांचं शिक्षण या कमाईवर चालतं. नियमावली त्यांना सांगते, विषयाशी संबंधित संस्था शोधा आणि तिथे १२० तास बिनपगारी काम करा. तेवढे दिवस पंपाचा खाडा कोण भरून देणार? मग व्हायचं तेच होतं. ओळखीतल्या एखाद्या संस्थेचा शिक्का मिळतो, हजेरीपत्रकावर एकाच दिवशी, एकाच पेनाने महिनाभराच्या सह्या होतात आणि अहवालाची पानं मागच्या वर्षीच्या मुलाकडून येतात. यात मुलांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

त्यांची रोजची नोकरी समाजशास्त्राला कमी पडते, असं कोणी ठरवलं? १९४४-४५ मध्ये शिकागोचा एक विद्यार्थी, डोनाल्ड रॉय, कारखान्यात ड्रिल मशीनवर कामाला लागला आणि जवळपास दहा महिने राबला. तुकड्यावर मजुरी मिळत असताना कामगार एका मर्यादेपुढे मुद्दाम जात का नाहीत, हे त्याने यंत्रावर उभं राहून टिपलं. फार माल काढला की मालक दर कापणार, हे त्या कामगारांना पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षांनी समाजशास्त्रज्ञ मायकेल बुरावॉय असाच शिकागोच्या एका कारखान्यात मशीन चालवायला गेला, आणि नंतर त्याच्या लक्षात आलं की रॉयचा कारखाना हाच. त्याचा प्रश्न उलटा होता: कामगार एवढं तरी मन लावून काम का करतात? त्यातून १९७९ साली आलेलं त्याचं पुस्तक आजही श्रमाच्या समाजशास्त्रात वाचावंच लागतं. दोघांनीही तिथे पगारावर काम केलं. आमच्या नियमात बसवायचं म्हटलं, तर दोघंही ओजेटीत नापास झाले असते.

पंपावरच्या मुलाला मी रोज एक पान लिहायला सांगितलं. पहिले काही दिवस ‘गाड्या आल्या, पेट्रोल भरलं’ याच्यापुढे गाडी सरकेना. मग विचारलं, हिशेबात पैसे कमी आले तर काय होतं? त्यावर तीन पानं आली. घट पगारातून कापली जाते. पण नव्या पोराच्या वाट्याला ती जास्त येते, कारण जुन्या मंडळींची मॅनेजरशी ऊठबस आहे. कॅमेरा नोझलवर आहे, कॅशच्या खोलीत नाही. पहाटे तीनला ट्रकवाला आवाज चढवून बोलतो, तोच माणूस सकाळी साहेबासमोर ‘भाऊ’ म्हणतो. सत्ता, जात, ओळखपाळख, विश्वास हे आमचे सगळे धडे त्या तीन पानांत होते. कापड दुकानातल्या मुलीला मी केरळचं सांगितलं. तिथल्या दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी लढा दिला, २०१८ मध्ये कायदा बदलला आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तो हक्क दिला. तिने वहीतलं पुढचं पान स्टुलावरच लिहिलं: गिऱ्हाइकासाठी दुकानात किती स्टुलं आहेत आणि ती रिकामी कधी असतात.

माझे सहकारी म्हणतात, अशाने कोणीही उठून ‘मी दुकानात असतो’ म्हणेल. म्हणू दे की. वही तपासा, व्हायवा कडक घ्या, शिक्षकाने एकदा जागेवर जाऊन यावं. खोट्या शिक्क्यापेक्षा खोटी डायरी लिहिणं कितीतरी अवघड असतं. एक आक्षेप मात्र खरा आहे. छोट्या दुकानात मुलीच्या सुरक्षिततेची हमी कोण देणार? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात प्रशिक्षणार्थी येतात, पगार मिळो वा न मिळो, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही माहिती ओजेटीच्या पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या हातात हवी. आज ती कुठल्याच फॉर्मवर नाही.

ज्यांना नोकरी नाही, त्यांनी ग्रामपंचायतीत, पोलीस ठाण्यातल्या महिला समुपदेशन केंद्रात, सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीवर जरूर जावं. पण तिथेही त्यांना फुकटचा डेटा एंट्री ऑपरेटर करू नये आणि जायचा खर्च त्यांच्या खिशातून होऊ नये. पंतप्रधानांची इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा दरमहा पाच हजार देत होती, पण पूर्णवेळ शिकणाऱ्याला ती बंद होती. राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीधराला दहा हजार देते, तीही शिक्षण चालू असेल तर नाही. एसटीचा विद्यार्थी पास गाव ते कॉलेज एवढाच चालतो. मुलींना निदान अर्धं तिकीट आहे, मुलांना ओजेटीच्या ठिकाणी जायला पूर्ण भाडं पडतं. अभ्यास मंडळाला मी लेखी कळवलं आहे: चालू नोकरी ओजेटी म्हणून धरा, शिक्क्याऐवजी वहीला गुण द्या आणि बाकीच्यांचं एसटी भाडं विद्यापीठाने परीक्षा शुल्कातून भरा. पुढच्या बॅचची दुसरी सेमिस्टर सुरू व्हायच्या आत याचं उत्तर यायला हवं.